बी-१७ आणि तिच्यातले दहा जण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी बॉम्बर विमानांबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक यंत्राबद्दल असतं. पंख किती फूट, इंजिनं किती ताकदीची, बॉम्ब किती टन. लोक मला विचारतात ते मात्र माणसांबद्दल. कोण होते ते, काय खायचे, घाबरायचे का, परत किती आले. म्हणून इथली बरीचशी उत्तरं इंग्लंडमधून जर्मनीवर उडणाऱ्या आठव्या अमेरिकी हवाई दलातल्या बी-१७ विमानांच्या क्रूंबद्दल आहेत. भारतातून उडालेल्यांबद्दलही पुढे लिहिलं आहे.

हेवी बॉम्बर नेमकं कशाला म्हणायचं?

चार इंजिनं, लांबचा पल्ला आणि पोटात टनांनी बॉम्ब. अमेरिकेकडे अशी मुख्य विमानं दोन होती : बोईंगचं बी-१७ ‘फ्लाइंग फोर्ट्रेस’ आणि कन्सॉलिडेटेडचं बी-२४ ‘लिबरेटर’. बी-१७ एकूण १२,७३१ बांधली गेली, बी-२४ तर १८,००० हून जास्त. फोर्डचा विलो रनचा कारखाना भरात होता तेव्हा तिथून जवळपास तासाला एक लिबरेटर बाहेर पडत असे. बी-२९ नंतर आलं आणि ते याहून वरच्या वर्गातलं धरत.

एका विमानात दहा माणसं कशाला लागत?

पुढून मागे जाऊ, म्हणजे विमान डोळ्यांसमोर येईल.

अगदी नाकात, पारदर्शक प्लास्टिकच्या घुमटामागे बॉम्बार्डिअर बसे. त्याच्यापुढे नॉर्डन हे बॉम्ब नेमावर टाकण्याचं यंत्र. त्याच्या मागे छोट्या मेजावर नकाशे पसरून नॅव्हिगेटर. वरच्या मजल्यावर पायलट आणि को-पायलट. हे चौघे अधिकारी, बहुधा लेफ्टनंट.

बाकीचे सहा सार्जंट. पायलटच्या पाठीशी इंजिनिअर उभा असे. इंजिनांची नाडी त्याला ठाऊक असायची आणि शत्रू आला की तोच वरच्या टरेटमध्ये, म्हणजे फिरत्या घुमटात, शिरून मशीनगन चालवायचा. त्यामागे बॉम्ब टांगलेली खोली. तिच्यातून पलीकडे जायला फक्त एक अरुंद पट्टी, पॅराशूट अंगावर चढवलं तर अडकायला होई अशी. पलीकडे रेडिओ ऑपरेटर. मग कंबरेपाशी दोन बाजूंच्या खिडक्यांत दोन गनर, पाठीला पाठ लावून. शेपटीच्या टोकाला एक गनर गुडघ्यांवर टेकून बसलेला, बाकीच्या नऊ जणांपासून सगळ्यांत लांब.

आणि पोटाखाली बॉल टरेट. काच आणि धातूचा हा गोळा विमानाखाली लोंबकळत असे आणि चारही दिशांना फिरे. आत माणूस गुडघे पोटाशी घेऊन, दोन मशीनगनांच्या मध्ये, पाठीवर पहुडलेला. जागा इतकी थोडी, की बहुतेकांचं पॅराशूट वर विमानातच ठेवलेलं असे. उडी मारायची वेळ आली तर आधी गोळा फिरवून दार वरच्या बाजूला आणायचं, वर चढायचं, पॅराशूट शोधून बांधायचं आणि मग उडी. वीज गेलेली असेल तर गोळा हाताने फिरवावा लागे. या जागेसाठी लहान चणीची मुलं निवडत.

१९४४ च्या मध्यापासून जर्मन फायटर विमानं कमी झाली, तेव्हा कंबरेचा एक गनर काढून क्रू नऊ जणांचा केला गेला.

ही मुलं होती किती वर्षांची?

बहुतेक विशीच्या आसपासची. एकविसाव्या वर्षी चार इंजिनांचं विमान आणि नऊ जणांचा जीव सांभाळणारे पायलट सर्रास होते. कुणी शेतकऱ्याचा मुलगा, कुणी दुकानातला कारकून, कुणी कॉलेज अर्धवट सोडलेला. लढाऊ उड्डाणाचं काम त्यांनी स्वतः मागून घेतलेलं असे. क्रू अमेरिकेतच जुळवला जाई, एकत्र शिके आणि एकत्र समुद्र ओलांडे. घरून आलेली पत्रं एकमेकांना वाचून दाखवण्याइतकी ओळख तोवर झालेली असे.

तळ इंग्लंडमध्येच का?

१९४२ मध्ये पश्चिम युरोपावर हल्ला करायला मोकळी उरलेली जमीन तीच होती. पूर्व इंग्लंडातल्या नॉर्फक, सफक, केंब्रिजशर या सपाट शेतीच्या भागात डझनावारी धावपट्ट्या उभ्या राहिल्या. बटाट्याच्या वावराला लागून बॉम्बर उभी. पहिली हेवी बॉम्बर मोहीम १७ ऑगस्ट १९४२ ला झाली : फ्रान्समधल्या रुआं शहराजवळच्या रेल्वे यार्डावर १२ बी-१७. सगळी परत आली. पहिल्या विमानाचा पायलट पॉल टिबेट्स. तीन वर्षांनी हिरोशिमावर अणुबॉम्ब घेऊन गेलेलं विमान चालवणारा तोच.

ब्रिटिश रात्री बॉम्ब टाकत, अमेरिकी दिवसा. दिवसा लक्ष्य दिसतं, पण लक्ष्याला आपणही दिसतो. पुढच्या सगळ्या हानीचं मूळ इथे आहे.

मोहिमेचा दिवस कसा असायचा?

पहाटे दोन-तीनला कुणीतरी पत्र्याच्या अर्धगोल झोपडीत टॉर्च घेऊन येई आणि आज ज्यांना उडायचं त्यांची नावं घेई. नाश्त्याला खरी अंडी मिळत. एरवी भुकटीची. ताटात खरं अंडं आलं की आज जायचं आहे हे पोटाला आधी कळे.

मग ब्रीफिंग. भिंतीवरच्या नकाशावर पडदा असे. पडदा सरकला की तळापासून लक्ष्यापर्यंत ताणलेला लाल धागा दिसे. धागा फ्रान्सच्या किनाऱ्यापर्यंत असला तर लोक सुटकेचा श्वास टाकत, जर्मनीत खोलवर गेलेला असला तर खोलीत कण्हल्यासारखा आवाज उठे. सोप्या मोहिमेला ते ‘मिल्क रन’ म्हणत, दूधवाल्याच्या रतिबासारखी.

त्यानंतर उड्डाण. पूर्ण भरलेली विमानं मिनिटाच्या आतबाहेर अंतराने एकामागोमाग एक उठत, इंग्लंडच्या ढगांतून वर येत आणि घिरट्या घालत रांगा जुळवत. यातच तासाहून जास्त वेळ जाई. ढगांत दोन विमानं आपटून शत्रू दिसायच्या आधीच वीस जण गेल्याचे प्रसंग घडले आहेत. ते मला लढाईतल्या मृत्यूंपेक्षाही जास्त लागतात.

रांगेला ‘कॉम्बॅट बॉक्स’ म्हणत. ३०५ व्या ग्रुपचा, म्हणजे बॉम्बर विमानांच्या तुकडीचा, प्रमुख कर्टिस लमे याने ही रचना बसवली. विमानं वरखाली आणि मागेपुढे अशी ठेवायची, की सगळ्यांच्या मशीनगनांचा मारा एकमेकांना झाकेल. बी-१७ च्या शेवटच्या प्रकारावर तेरा मशीनगन होत्या. रांगेतून मागे पडलेल्या विमानाला मात्र हे संरक्षण उरत नसे, आणि जर्मन वैमानिक अशांनाच हेरत.

लक्ष्य जवळ आलं की शेवटची काही मिनिटं विमान सरळ रेषेत, एकाच उंचीवर, एकाच वेगाने न्यावं लागे. नॉर्डन यंत्र त्याशिवाय चालत नसे. या काळात विमान प्रत्यक्षात बॉम्बार्डिअरच्या हाती असे. खालून तोफा चालू, वर वळायची मुभा नाही. परतलेल्या अनेकांनी सगळ्यांत लांब वाटलेला वेळ म्हणून हाच सांगितला आहे.

परत आल्यावर कॉफी, डोनट, व्हिस्कीचा एक घोट आणि चौकशी : कुणाचं विमान पडताना पाहिलं, किती पॅराशूट मोजली. रात्री झोपडीत काही खाटा रिकाम्या असत. त्या मुलांचं सामान आवरून न्यायला माणूस येई, आणि थोड्याच दिवसांत त्याच खाटांवर नवे चेहरे.

थंडीचा एवढा उल्लेख का येतो?

कारण विमान बंद डबा नव्हतं. २५,००० फुटांवर उणे चाळीस अंश, कधी त्याहून खाली, आणि जुन्या मॉडेलांत कंबरेच्या खिडक्या सताड उघड्या. विजेवर तापणारे सूट असत, पण तार तुटली की तो हात किंवा पाय गेला. हातमोजा काढून धातूला बोट लावलं तर कातडी तिथेच चिकटे. १०,००० फुटांवर ऑक्सिजनचा मुखवटा बांधावा लागे. श्वासाच्या बाफेचं त्यात बर्फ होऊन नळी तुंबे आणि माणूस काही न कळता बेशुद्ध पडे. म्हणून दर थोड्या वेळाने इंटरकॉमवर एकेकाला हाक देऊन हजेरी घेत. उत्तर आलं नाही की शेजारचा धावे.

‘२५ मोहिमा’ हा आकडा कुठून आला?

वरिष्ठांनाच वाटलं की माणसाला शेवट दिसला पाहिजे, नाहीतर तो मोडेल. म्हणून २५ मोहिमा झाल्या की घरी. १९४४ मध्ये हानी कमी झाली तसा आकडा ३० आणि मग ३५ केला गेला. २३-२४ पर्यंत पोचलेल्यांना तेव्हा काय वाटलं असेल, याचा विचार करावा.

हिशेब करून पाहा. दर मोहिमेत १०० विमानांतली ४ पडतात असं धरू. आकडा लहान वाटतो. पण २५ वेळा तो लावला तर १०० मधली ३६ उरतात. ५ पडत असतील तर २८. आणि १९४३ मध्ये काही दिवस याहून कितीतरी वाईट होते.

‘मेम्फिस बेल’ हे नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पायलट रॉबर्ट मॉर्गन, तळ बॅसिंगबोर्न. या क्रूने १७ मे १९४३ ला पंचविसावी मोहीम पुरी केली. पण २५ गाठणारं पहिलं विमान ते नव्हतं. ३०३ व्या ग्रुपचं ‘हेल्स एंजल्स’ काही दिवस आधीच तिथे पोचलं होतं. त्याही आधी ‘हॉट स्टफ’ नावाच्या बी-२४ च्या ३१ मोहिमा झाल्या होत्या. ते घरी निघालं आणि ३ मे १९४३ ला आइसलंडमध्ये डोंगरावर आदळलं. युरोपातल्या अमेरिकी सैन्याचे प्रमुख जनरल फ्रँक अँड्र्यूज त्यात होते. शेपटीचा गनर तेवढा वाचला. मेम्फिस बेलला अमेरिकाभर फिरवलं गेलं, म्हणून नाव तिचं राहिलं.

फायटर विमानं सोबत का जात नव्हती?

जात, पण इंधन संपत आलं की जर्मनीच्या सरहद्दीजवळून परत फिरत. पुढे बॉम्बर एकटी. आपल्या मशीनगनांवर बॉम्बर स्वतःला वाचवेल असा वरिष्ठांचा विश्वास होता. १७ ऑगस्ट १९४३ ला श्वाइनफुर्ट आणि रेगेन्सबुर्गवर ३७६ बी-१७ पाठवल्या, ६० परतल्या नाहीत. १४ ऑक्टोबरला श्वाइनफुर्टच्या बॉल बेअरिंगच्या कारखान्यांवर पुन्हा २९१ पाठवल्या, पुन्हा ६० गेल्या. दर विमानात दहा माणसं. एका दुपारी सहाशे.

मधल्या काळात, १० ऑक्टोबरला, थॉर्प ॲबट्सच्या शंभराव्या ग्रुपची १३ विमानं म्युन्स्टरवर गेली. परत एक आलं. पायलट रॉबर्ट रोझेन्थल, ब्रुकलिनचा ज्यू वकील. तो पुढे एकूण ५२ मोहिमा उडाला आणि युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यांत सरकारी बाजूच्या वकिलांत काम केलं.

चित्र बदललं ते पी-५१ मस्टँग या फायटर विमानांमुळे. इंधनाच्या जादा टाक्या लावून ती बर्लिनपर्यंत जाऊन येऊ शकत. तरीही ६ मार्च १९४४ ला बर्लिनवर ६९ बॉम्बर पडल्या. फरक इतकाच, की आता जर्मन वैमानिकही मरत होते आणि त्यांची जागा भरायला अनुभवी माणसं उरत नव्हती.

विमानाला आग लागली तर?

सहसा उडी, आणि तीही वेळेत जमली तर. पण मेनार्ड स्मिथची गोष्ट सांगायला हवी. १ मे १९४३, बॉल टरेट गनर, पहिलीच मोहीम. परतताना विमान पेटलं. मागचे तिघे समुद्रावर उडी मारून गेले आणि सापडले नाहीत. स्मिथ राहिला. सुमारे दीड तास तो आग विझवत होता, तापलेली काडतुसांची खोकी बाहेर फेकत होता, जखमी शेपटी-गनरला सांभाळत होता आणि मधूनच मशीनगनही चालवत होता. विमान उतरलं. अमेरिकेचे युद्धमंत्री त्याला सर्वोच्च पदक, मेडल ऑफ ऑनर, द्यायला आले तेव्हा कुठल्याशा बेशिस्तीची शिक्षा म्हणून तो स्वयंपाकघरात कामाला जुंपलेला होता. मला तो आवडतो. शूर माणूस शिस्तीचा असतोच असं नाही.

पडलेल्यांचं काय व्हायचं?

आठव्या हवाई दलाचे २६,००० हून अधिक लोक मारले गेले. संपूर्ण युद्धात लढाईत पडलेल्या अमेरिकी मरीन सैनिकांपेक्षा हा आकडा मोठा आहे. सुमारे २८,००० कैदी झाले. अधिकारी बार्थ किंवा सागानच्या छावण्यांत, सार्जंट वेगळ्या छावण्यांत, म्हणजे क्रू इथे तुटे. १९४५ च्या कडक हिवाळ्यात रशियन सैन्य जवळ आलं तेव्हा हजारो कैद्यांना बर्फातून पायी हाकलत नेलं गेलं.

काही जण निसटले. बेल्जियममधल्या आंद्रे द जाँग या चोविशीतल्या मुलीने उभारलेली ‘कॉमेट लाइन’ वैमानिकांना घराघरांत लपवत, रेल्वेने फ्रान्सभर नेत, पायी पिरेनीज ओलांडून स्पेनमध्ये पोचवत असे. वैमानिक पकडला गेला तर कैदी होई. त्याला लपवणाऱ्या कुटुंबाच्या नशिबी गोळी किंवा छळछावणी. ती स्वतःही पकडली गेली, छळछावणीतून जिवंत आली.

त्यांची बॉम्बफेक खरंच अचूक होती?

नाही, आणि हे टाळून पुढे जाऊ नये. अमेरिकेच्याच युद्धोत्तर पाहणीत नोंद आहे, की नेम धरून टाकलेल्या बॉम्बपैकी सुमारे २० टक्केच लक्ष्याच्या १,००० फुटांच्या वर्तुळात पडले. शेवटी शेवटी हे प्रमाण सुधारलं. युरोपात ढग कायमचे, धूर, वारा, भीती. रांगेतल्या पहिल्या विमानाने बॉम्ब टाकले की बाकीचे त्याला पाहून टाकत, म्हणजे एकाचा नेम चुकला की सगळ्यांचा चुकला. २२ फेब्रुवारी १९४४ ला नायमेखन या मित्रदेशातल्याच डच शहरावर बॉम्ब पडून सुमारे ८०० माणसं मेली. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेन ब्रिटिशांनी रात्री जाळलं, दुसऱ्या दिवशी अमेरिकी विमानं आली. तिथल्या मृतांचा आकडा इतिहासकारांच्या समितीने २५,००० पर्यंत धरला आहे. वर थंडीत गोठणारा विशीतला मुलगा आणि खाली तळघरात बसलेली बाई, दोघांचं दुःख एकाच उत्तरात धरावं लागतं.

मे १९४५ च्या पहिल्या आठवड्यात याच बी-१७ नी उपाशी हॉलंडवर अन्नाची खोकी टाकली. अगदी कमी उंचीवरून, जर्मनांशी ठरवून, एकही गोळी न झाडता.

क्रूमध्ये सगळे गोरेच असत का?

जवळजवळ. सैन्यातच वर्णभेद होता. कृष्णवर्णीय वैमानिकांना फायटरच्या वेगळ्या तुकडीत ठेवलं. तेच टस्कीगी एअरमन, इटलीतून बॉम्बरांची राखण करणारे. बेन कुरोकी हा नेब्रास्काच्या जपानी शेतकऱ्याचा मुलगा मात्र हट्टाने बी-२४ चा गनर झाला. १ ऑगस्ट १९४३ च्या रुमानियातल्या प्लोयेश्ती तेलक्षेत्रावरच्या भयानक मोहिमेत तो होता. पुढे बी-२९ मधून जपानवरही उडाला. एकूण ५८ मोहिमा, आणि त्याच काळात त्याच्यासारखे हजारो जपानी-अमेरिकी लोक आपल्याच देशात तारेच्या कुंपणाआड.

भारतातून अशी विमानं उडाली का?

हो, आणि हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. दहाव्या हवाई दलाच्या सातव्या ग्रुपची बी-२४ विमानं बंगालमधल्या पांडवेश्वरहून रंगून आणि ब्रह्मदेशातल्या रेल्वे पुलांवर जात. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेचे पूल त्यांनी पुन्हा पुन्हा पाडले, जपान्यांनी पुन्हा पुन्हा बांधले.

१९४४ मध्ये बी-२९ आली : खरगपूर, चाकुलिया, पियारडोबा, दुधकुंडी. ५ जूनला पहिली मोहीम बँकॉकवर, १५ जूनला जपानमधल्या यावातावर. जपानपर्यंत थेट पल्ला नव्हता, म्हणून चीनमध्ये चेंगडूजवळ थांबा. तिथलं पेट्रोलही याच विमानांनी हिमालय ओलांडून आधी साठवायचं. एका मोहिमेसाठी कित्येक फेऱ्या. विमानांच्या देखभालीसाठी आलेल्या अमेरिकींपैकी बरेच जहाजाने मुंबई बंदरात उतरून रेल्वेने बंगालला गेले. धावपट्ट्यांवर राबले ते हजारो स्थानिक मजूर, आणि तेही वर्षभरापूर्वीच दुष्काळात लाखो माणसं मेलेल्या बंगालमध्ये.

या बी-२९ विमानांच्या मुख्यालयाची खरगपूरची इमारत आजही उभी आहे. हिजलीचा तो कैदखाना, जिथे १९३१ मध्ये इंग्रजांच्या गोळीबारात संतोषकुमार मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त हे दोन राजबंदी मारले गेले. आता ती आयआयटी खरगपूरच्या आवारात आहे. तिथे शिकलेल्या मराठी मुलांनी ती रोज पाहिली असेल.

आणि अरुणाचल. चीनमधल्या कुनमिंगहून आसामातल्या चाबुआला येणारं ‘हॉट ॲज हेल’ हे बी-२४ विमान २५ जानेवारी १९४४ ला आठ जणांसह नाहीसं झालं. त्याचे अवशेष २००६ मध्ये दामरोजवळच्या डोंगरात सापडले. २०१६ मध्ये काही अस्थी दिल्लीहून अमेरिकेला नेल्या गेल्या. त्यातून एकाची ओळख पटली आणि ७३ वर्षांनी तो जॉर्जियातल्या आपल्या गावी पुरला गेला. बाकीचे सात अजून त्या डोंगरावरच आहेत असं धरायला हरकत नाही.

एखाद्या क्रूची माहिती शोधायची असेल तर?

विमानाचा अनुक्रमांक किंवा ग्रुपचा क्रमांक हाती असेल तर अर्धं काम झालं. १९४३ पासून हरवलेल्या प्रत्येक विमानाचा ‘मिसिंग एअर क्रू रिपोर्ट’ लिहिला जाई. ते अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यात दहाही जणांची नावं, कोण कुठे बसला होता आणि शेवटचं कुणी पाहिलं याच्या साक्षी सापडतात. पुष्कळदा साक्ष एका ओळीची असते : डाव्या पंखाला आग, पॅराशूट चार.

हे सगळं पाहायला कुठे जावं?

मेम्फिस बेल ओहायोतल्या डेटनच्या हवाई दल संग्रहालयात आहे. इंग्लंडला गेलात तर डक्सफर्डचं अमेरिकन एअर म्युझियम आणि थॉर्प ॲबट्सचा जुना कंट्रोल टॉवर. पण एकच जागा बघायला वेळ असेल तर केंब्रिजजवळचं मॅडिंगलीचं स्मशान बघा. तिथे ३,८०० हून अधिक कबरी आहेत, आणि एका लांब भिंतीवर ५,१२७ नावं कोरलेली आहेत, ज्यांचं काहीच सापडलं नाही त्यांची. पुढे कुणाचा पत्ता लागला तर त्याच्या नावाशेजारी ब्राँझचं छोटं फूल बसवतात.